थायरॉईड, आयुर्वेद आणि केसपेपरची खिडकी

आयुर्वेदिक रुग्णालयात थायरॉईडसाठी जाणार असाल तर केसपेपरच्या खिडकीवर पाळीचं नाव काढू नका. बाकीचं नंतर सांगते.

टीएसएच (थायरॉईड मंदावलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) १४ च्या वर गेल्यावर एमडी डॉक्टरांनी थायरॉक्झिन ५० ही थायरॉईडची रोजची गोळी सुरू केली. ती घेतेच. पण मलावरोध, सकाळची चेहऱ्यावरची सूज आणि सोलापूर भाजून निघत असताना मला मात्र पंख्याखाली हुडहुडी, हे काही जाईना. म्हटलं, जोडीला आयुर्वेद बघू.

खिडकीवर विचारलं, "काय त्रास?" मी वजन, थकवा, केस, पाळी सगळं सांगितलं. त्या गृहस्थांनी नेमकी पाळी उचलली आणि 'स्त्रीरोग' लिहून मोकळे झाले. मी म्हटलं, मला कायचिकित्सा (सर्वसाधारण आजारांचा विभाग) हवंय. "पाळीचं तुम्हीच म्हणालात की ओ मॅडम!" मग वर जाऊन गरोदर बायकांच्या रांगेत बसले. नंबर लागला तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, हे कायचिकित्सेचं, विभाग बदलून आणा. खाली आले तर सही पाहिजे. सही आणली तर शिक्का नाही. शिक्क्याच्या कपाटाची किल्ली मावशींकडे आणि मावशी जेवायला गेलेल्या. शिक्का बसेपर्यंत खिडकी बंद. "उद्या या. हा केसपेपर चालायचा नाही, नवीन काढा." एक रेघ मारून वर 'कायचिकित्सा' लिहायचं होतं हो फक्त! केसपेपरच्या पैशांचं काही नाही, रजा वाया गेली त्याचा राग अजून आहे. दुसऱ्या दिवशी "थायरॉईड, कायचिकित्सा" एवढंच बोलले आणि लगेच कागद हातात.

वैद्य मात्र चांगले भेटले. नाडी, जीभ, भूक, झोप, सगळं विचारलं आणि आधी बजावलं, "सकाळची गोळी बंद करायची नाही." अग्निमांद्य (मंदावलेली पचनशक्ती) आणि वाढलेला कफ-मेद, असं त्यांचं निदान. कांचनार गुग्गुळ, रात्री त्रिफळा, सुंठीचं पाणी. रात्रीचं दही आणि दुपारची झोप बंद. शिवाय उद्वर्तन, म्हणजे कोरडं चूर्ण अंगाला खालून वर चोळायचं. ज्वारीची भाकरी चालेल म्हणाले तेव्हा जीव भांड्यात पडला.

नणंदेने अश्वगंधाचा डबा आणून दिला होता. तो वैद्यांनीच बाजूला ठेवायला लावला. अश्वगंधाने थायरॉईडचं संप्रेरक वाढू शकतं, त्यात आपली गोळी चालू, मग धडधड सुरू व्हायची. आपल्या मनाने घेऊ नका.

थायरॉक्झिन उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहा निदान अर्ध्या तासाने. ही गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या यांत चार तासांचं अंतर ठेवा. भस्मंही यात आली बरं का: शंख, प्रवाळ म्हणजे कॅल्शियम आणि मंडूर म्हणजे लोह. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. आणि जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, वैद्य ते खरंच बघतात.

पोट सुधारलं, त्याचं श्रेय मी त्रिफळ्याला देते. सूजही उतरली. टीएसएच साडेचारवर आलं, पण मधल्या काळात डॉक्टरांनी ५० ची गोळी ७५ ची केली होती, त्यामुळे तो आकडा काढ्यागुग्गुळाच्या खात्यावर मी टाकणार नाही. डोस बदलला की सहा-आठ आठवड्यांनीच तपासा, आधी तपासून पैसे घालवू नका. आणि हो, केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) चालू असेल तर रक्त देण्याआधी दोन दिवस बंद ठेवा, नाहीतर रिपोर्टच चुकीचा येऊ शकतो.