वर बर्फ, खाली कोमट
सकाळी फ्रिजमधलं दूध नासलेलं, भाज्या मलूल, पण फ्रीझरमधला बर्फ मात्र टणक. एका मेकॅनिकने फोनवर ऐकूनच ‘गॅस भरावा लागेल’ सांगून टाकलं. चीडच आली! वर बर्फ धरतोय म्हटल्यावर आधी थंड हवा खाली यायचा मार्ग तपासायला नको? शेवटी गल्लीतल्या मेकॅनिककाकांनी फ्रीझरचं मागचं पॅनल उघडलं. गारवा देणाऱ्या कॉइलवर बर्फाचा जाड पांढरा थर, पंख्याची हवा खाली उतरणार कुठून? हा बर्फ वितळवणारा डिफ्रॉस्ट हीटर गेलेला. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजवाल्यांनो, असं झालं तर गॅसचे पैसे देण्याआधी कॉइल बघायला सांगाच. खरी काळजी आईच्या इन्सुलिनची होती, न उघडलेल्या कुप्यांना 2 ते 8 अंश लागतात. शेजारच्या वहिनींनी दिवसभर त्या सांभाळल्या. रात्री थर्मामीटर 5 वर स्थिरावला, मग परत आणल्या.