अक्का ते कोर्टाची पालक : माझा अनुभव

मी सोलापूरची. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी बांधलेली गोदूताई परुळेकर वसाहत आहे, १० हजार घरांची, त्यातलं एक घर आमचं. अम्मा विड्या करायची, नायना, म्हणजे वडील, पॉवरलूमवर होते. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आमच्या पूर्व भागात बहुतेकांचं असंच. नायना २०१६ ला गेले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अम्मा, आठ दिवसांच्या तापात. मी तेव्हा २२ ची, बहीण १५ ची, दहावीला, आणि भाऊ ९ वर्षांचा. आत्ता लिहायला बसले कारण ओळखीतल्या एका मुलीवर मागच्या महिन्यात तीच वेळ आली, तिने फोन करून विचारलं अक्का तू कसं केलंस, आणि दीड तास बोलले तरी माझं सांगून संपेना, म्हणून म्हटलं सगळं लिहूनच काढावं.

तेराव्याच्या संध्याकाळी पाहुणे बसले आणि ठरवाठरवी सुरू झाली. भिवंडीचे काका म्हणाले पोरीला आम्ही नेतो, सुरतची आत्या म्हणाली पोरगं माझ्याकडे राहू दे, माझ्या दोघांत तिसरा, आणि माझं काय तर लग्न लावून टाकायचं, घर विकायचं, पैसे तिघांच्या नावावर टाकायचे. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं हे मी आजही सांगते, आत्या तर बोलता बोलता रडत होती. पण भाऊ दाराआड उभा राहून सगळं ऐकत होता आणि त्याने अम्माचं सूप छातीशी धरलेलं, विड्या करायला मांडीवर घ्यायची ते, त्यात कातरलेली पानं अजून तशीच होती. मी म्हटलं काका, आम्ही तिघं इथंच राहणार. तेवढंच बोलता आलं. पुढं काय करायचं असतं, कुठं जायचं असतं, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

त्याच दिवसांत कॉलेजच्या मैत्रिणीने पेनड्राइव्हमध्ये एक जुनी अमेरिकन सिरीयल दिली, पार्टी ऑफ फाइव्ह, १९९४ ते २००० चाललेली. म्हणाली रडू येईल पण बघ. सॅन फ्रान्सिस्कोतली पाच भावंडं, आडनाव सॅलिंजर, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एका माणसामुळे आईवडील अपघातात गेलेत. मोठा चार्ली २४ चा, मग बेली १६, जुलिया १५, क्लॉडिया ११ आणि ओवन तर अजून बाळच. आम्ही रात्री जेवणं झाली की सेकंडहँड लॅपटॉपवर एकेक भाग बघायचो, खाली इंग्लिश अक्षरं यायची ती बहीण वाचायची आणि भावाला तेलुगूत सांगायची, त्यामुळं एक भाग संपायला दीड दीड तास लागायचा.

त्यांचं मोठं घर, वडिलांचं हॉटेल, आमच्याकडे तसलं काही नाही. पण सुरुवातीलाच चार्ली, जो सगळ्यांचा पालक आहे, तो घरखर्चाचे पैसे एका व्यवहारात घालतो आणि ते बुडतात. मला त्या रात्री झोप लागली नाही. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात बिलिंगला होते आणि माझ्या डोक्यात अगदी हेच चाललेलं, की अम्माचा पीएफ आला की ओव्हरलॉक मशीन, म्हणजे कापडाच्या कडा शिवायची, घ्यायची, शाळेच्या युनिफॉर्मचं काम घरी आणायचं. कुणाला विचारलं नव्हतं, विचारायचंय असं वाटलंही नव्हतं. मी मोठी ना. पण पैसे तिघांचे होते. त्या रविवारी मी एक दोनशेपानी वही आणली आणि दोघांना समोर बसवून पगार किती, रिक्षाला किती, गॅस किती, किराणा किती सगळं लिहून दाखवलं. सॅलिंजर भावंडं आठवड्यातून एकदा हॉटेलात एकत्र जेवतात, आमचं रविवारी रात्री भाकरी, शेंगाचटणी आणि वही. ही वही अजून चालू आहे, आता पाचवी.

आता प्रोसेस. पीएफचा फॉर्म भरायला गेले तर कळलं की अम्माने नॉमिनी म्हणून नायनांचं नाव दिलेलं, आणि ते तर आधीच गेलेले. नॉमिनीच हयात नाही म्हटल्यावर रक्कम आम्हा तिघांत समान वाटली जाणार, पण धाकटे दोघं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतले, त्यांच्या वाट्यासाठी पालक लागणार. मी म्हटलं मी आहे की. तर तसं चालत नाही. कायद्याने नैसर्गिक पालक म्हणजे आधी वडील, मग आई. मोठी बहीण त्यात येत नाही, तिला कोर्टातून ऑर्डर आणावी लागते, १८९० चा पालक आणि पाल्य कायदा आहे त्याखाली, जिल्हा न्यायालयात अर्ज करून. हे ऐकून मी तिथल्याच बाकड्यावर बसले. मला रडू आलं ते पैशासाठी नाही, आईचा मृत्यूचा दाखला हातात घेऊन मी माझ्या भावाची कोणी नाही असं ऐकावं लागलं म्हणून.

वकिलाची फी कुठून आणणार होते. पण एका विडीवाल्या मावशीने सांगितलं की कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तिथं जा. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, बायका आणि लहान मुलं यांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या कायद्यातच आहे. मला ज्या मॅडम मिळाल्या त्यांनी एक रुपया घेतला नाही आणि पहिल्याच दिवशी कागदांची यादी लिहून दिली.

कागदांनीच जास्त दमवलं. विडी कार्डावर अम्माचं नाव एक, रेशनकार्डावर पुढं बाई लावलेलं, आधारवर स्पेलिंग तिसरंच. माणूस हयात असेल तर दुरुस्त करता येतं, गेलेल्या माणसाचं कोण दुरुस्त करणार. मग तिन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र केलं. दोघांचे जन्मदाखले, शाळेचे बोनाफाईड, माझी पगाराची स्लिप, घराचे कागद. नातेवाइकांना नोटीस जाते, पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागते, की कुणाची हरकत असेल तर सांगा. मला धाकधूक होती ती काकांची. पण काका भिवंडीहून स्वतः आले आणि ना हरकत दिली, आत्या तर सुरतहून एकटी ट्रेनने आली, स्टेशनवरून थेट कोर्टात, सही केली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "मी घेऊन गेले असते तर सांभाळलं असतं गं, पण ते रात्री तुझंच नाव घेत रडलं असतं." घर विकायचा विषयही तिथंच मिटला, कारण कोर्टाने नेमलेल्या पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलांचा हिस्सा विकता येत नाही, हे मॅडमनी काकांना नीट समजावून सांगितलं.

तारखा पडत राहिल्या. प्रत्येक तारखेला अर्धा दिवस खाडा. मधेच बहिणीची दहावी झाली, ७८ टक्के.

एका तारखेला न्यायाधीश साहेबांनी दोघांना आत बोलावलं. मुलं समजण्याच्या वयाची असतील तर त्यांचं म्हणणं कोर्ट विचारात घेतं, आणि मुख्य म्हणजे मुलांचं हित कशात आहे ते बघतं. मला बाहेर थांबवलं. ती पंधरा मिनिटं मी भिंतीवरचं घड्याळ बघत उभी होते. नंतर बहिणीने सांगितलं आत काय झालं ते. साहेबांनी भावाला विचारलं, रात्री भीती वाटली तर काय करतोस. तो म्हणाला, "अक्काला उठवत नाही, तिला सकाळी कामाला जायचं असतं. दुसऱ्या अक्काला उठवतो." मी हे ऐकलं तेव्हा आम्ही रिक्षात होतो, अशोक चौकाच्या पुढं, आणि मी त्याचा हात जो धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. मला कधी कळलंच नव्हतं की तो रात्री उठतो.

ऑर्डर आली नोव्हेंबर २०१९ ला. दोघांच्या वाट्याचा पीएफ त्यांच्या नावाने बँकेत एफडी, अठरा पूर्ण होईपर्यंत. काहीजण म्हणाले तुला वापरता पण येणार नाही, काय उपयोग. मला उलट एवढं हलकं वाटलं, कारण ते पैसे आता माझ्याही हातून बुडणार नव्हते. ओव्हरलॉक मशीन मी नंतर स्वतःच्या हिश्श्यातून आणि थोड्या हप्त्यावर घेतली, वहीत लिहून, तिघांच्या सहीने.

पेन्शनचं लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते. आईवडील दोघं गेले असतील आणि आईचा पीएफ कापला जात असेल तर मुलांना अनाथ पेन्शन मिळते, २५ वर्षांपर्यंत, एका वेळी दोघांना, मोठ्याकडून धाकट्याकडे. म्हणजे आधी मी आणि बहीण, माझी पंचविशी झाल्यावर माझी बंद होऊन भावाला सुरू. कमीत कमी ७५० रुपये महिना. कमी वाटतं, पण आमचं लाईटबिल त्यातच निघायचं.

दुसरी म्हणजे बालसंगोपन योजना, आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना नाव आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. आम्हाला मिळायला लागली तेव्हा महिन्याला एका मुलाला ४२५ रुपये होते, नंतर ११०० झाले आणि २०२३ पासून २२५०. यात घराबाहेर मुलांसोबत फोटो काढून लावावा लागतो आणि गृहभेट होते. त्या गृहभेटीचं मला कोर्टापेक्षा जास्त टेन्शन होतं. सिरीयलमधली क्लॉडिया घरातच तंबू लावून त्यात झोपते, ते बघून भावाने पण लावलेला, नायनांच्या कारखान्यातून कधीतरी आलेली लाल-हिरवी चादर एका बाजूने कॉटला आणि दुसऱ्या बाजूने कपाटाच्या कडीला बांधून. आत त्याची उशी, दप्तर आणि अम्माचं सूप. मी सकाळी सोडायला गेले तर तो सोडू देईना. गृहभेटीच्या मॅडम आल्या, पाणी कुठून येतं, संडास कुठं आहे, शाळेला कोण सोडतं विचारलं, आणि मग त्या चादरीकडं बघत थांबल्या. मला वाटलं आता लिहिणार, मुलाला झोपायला जागा नाही. त्यांनी खाली बसून चादर बाजूला केली आणि विचारलं हे काय रे. तो म्हणाला माझी खोली. मॅडम म्हणाल्या मी आत येऊ का, आणि खरंच गुडघ्यावर आत गेल्या. आत काय बोलले ते दोघांनाच माहीत.

लॉकडाऊनमध्ये बहिणीला कळलं की ही सिरीयल २०२० मध्ये नवीन काढली. त्यातल्या मुलांचे आईवडील जिवंत आहेत पण त्यांना अमेरिकेतून मेक्सिकोला परत पाठवलंय, आणि मुलं मागं राहिलीत. बहीण म्हणाली हे जास्त वाईट का गं. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, अजूनही देता येत नाही. फोनवर आई दिसते पण सीमेच्या पलीकडं, आणि धाकट्याला रात्री भीती वाटली तर उठवायचं कुणाला, तर परत मोठ्यालाच.

बहीण अठराची झाली तेव्हा तिची एफडी मोडायला आम्ही तिघं बँकेत गेलो. तिथं मी पालक म्हणून सही करायला पेन उचललं तर मॅनेजर म्हणाले आता यांचीच सही लागेल. तिने केली, नर्सिंगची फी भरली, उरलेले परत ठेवले. आता ती हॉस्पिटलमध्ये नाईट करते आणि भावाची बारावी चालू आहे. त्याची एफडीची पावती कपाटात कोर्टाच्या ऑर्डरसोबत आहे. मागच्या रविवारी भाकऱ्या झाल्यावर वही उघडली तर त्याने शेवटच्या पानावर स्वतःच्या अठराव्या वाढदिवसाची तारीख लिहून ठेवलेली, आणि खाली, शिलाई मशीनचे राहिलेले हप्ते, अक्काला न विचारता.