फोर बाय फोर घ्यायची होती, पण चालवून बघू देत नव्हते (माझा अनुभव)

फोर बाय फोर म्हणून विकायला ठेवलेली गाडी फोर बाय फोरमध्ये चालवून बघू द्यायची नाही, हा प्रकार मला अजूनही पटलेला नाही. गाडी घेऊन झाली तरी राग गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

मी जनावरांची डॉक्टर. राहायला धायरीत, काम पानशेत आणि पाबे घाटापलीकडे वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर. पावसाळ्यात "मॅडम, म्हैस अडलीये, लवकर या" असा फोन येतो, तेव्हा डांबर संपल्यावर पुढे लाल चिखलाचा चढ असतो. जुनी हॅचबॅक खालीच लावून पेटी उचलून चालत जावं लागायचं. सोबत कृत्रिम रेतनाच्या वीर्यकांड्यांचा नायट्रोजन कंटेनर असतो. आत उणे १९६ अंशांचा द्रव, कंटेनर आडवा होऊन चालत नाही. त्यामुळे गाडी छोटी हवी, पेट्रोल परवडायला हवं, कंटेनर उभा राहायला हवा आणि लो रेंज (गाडी अगदी हळू पण जास्त जोराने ओढणारा खास गिअर) हवीच.

कागदावरची निवड पटकन झाली. जिप्सी १९८५ पासून २०१९ पर्यंत बनत होती, सेकंड हँड अजून मिळते. पण पाटे असलेलं कडक सस्पेन्शन, कंटेनरला ते धक्के नकोत. डस्टर ऑल व्हील ड्राइव्हला लो रेंज नाही. थारचं १.५ लिटर डिझेल किमतीला बरं वाटलं, पण ते फक्त मागच्या चाकांवर चालतं. बाहेरून ही आणि फोर बाय फोर थार सारख्याच दिसतात, तेव्हा बुकिंगच्या कागदावर 4x4 लिहिलंय का ते बघून घ्या. उरली जिम्नी: लांबी ३,९८५ मिमी, वजन १,२०० किलोच्या आसपास, ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी, पाच दारं.

आणि मग टेस्ट ड्राइव्हवर सगळं अडलं. मी वेगवेगळी शोरूम फिरले. कोणती ते लिहीत नाही, कारण सगळीकडे तेच. गाडी बाहेर काढायची, पुढच्या सिग्नलवरून यू-टर्न, परत. मी लो रेंजच्या लिव्हरला हात लावला की शेजारचा मुलगा दचकायचा. "मॅडम, ते नका हलवू, त्याची गरजच पडत नाही." गरज पडत नसेल तर मी हे जास्तीचे पैसे कशाला मोजतेय? कच्च्या चढावर न्या म्हटलं, तर "पॉलिसीत बसत नाही". इन्शुरन्सचं कारण मला समजतं, पण मग शोरूमने स्वतःच एखादा चढ ठरवून ठेवावा. एका ठिकाणी तर मी गिअरिंगबद्दल विचारत होते आणि उत्तरं माझ्या नवऱ्याला दिली जात होती. तो म्हणाला, "गाडी हिची आहे, हिला सांगा." तरीही पुढचा प्रश्न त्यालाच: "सर, कलर कुठला बघताय?" मी तिथून उठले.

शेवटी मी एका शोरूमच्या मॅनेजरला मेल लिहिला. काम काय, रस्ते कसले, मला लोड टाकून कच्च्या चढावर फोर-एलमध्ये (चारही चाकांना जोर, लो रेंजमध्ये) गाडी थांबवून पुन्हा उचलून बघायची आहे, त्याआधी बुकिंगचा एक रुपयाही देणार नाही. लेखी मागितलं की लेखी नकार द्यावा लागतो, आणि तो कुणाला द्यायचा नसतो. वर्कशॉपमधले एक वयस्कर सुपरवायझर स्वतः गाडी घेऊन आले. खानापूरच्या पुढे आम्ही पेंडीची पोती मागे टाकली आणि शेताच्या वाटेला लागलो.

चढाच्या मध्यावर थांबले. क्लच दाबून फोर-एल टाकला, पहिला गिअर, क्लच सोडला. ॲक्सिलरेटरला जवळजवळ हात... म्हणजे पाय न लावता गाडी मुंगीच्या चालीने वर निघाली. एक चाक ओल्या गवतावर फिरायला लागलं, तसा गाडीने आपणहून त्याच चाकाला ब्रेक लावला आणि जोर दुसऱ्या बाजूला गेला. खरी परीक्षा उतारावर होती. काका म्हणाले, "ताई, आता ब्रेकवरून पाय काढा." काढला. गाडी इंजिनच्या जोरावर हळूहळू खाली आली, कुठेही घसरली नाही. चिखलात ब्रेक दाबला की चाक लॉक होऊन गाडी आडवी होते, म्हणून मला लो रेंज चढापेक्षा उतारासाठी जास्त हवी होती. त्याच दिवशी बुकिंग केलं.

ॲव्हरेज: मॅन्युअलचा कंपनीचा आकडा १६.९४ आहे, मला घाटात १२-१३ मिळतं. टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांवर) रोजची धाव, चिखल दिसला की फोर-एच (चारही चाकांवर, पण लो रेंजशिवाय). कोरड्या डांबरावर फोर-एच ठेवू नका, पुढच्या-मागच्या चाकांचा वेग वळणावर वेगळा असतो आणि ताण गिअरवर येतो. फोर-एलसाठी मात्र गाडी पूर्ण थांबवायची.

डिकी २०८ लिटरचीच आहे. मी मागची अर्धी सीट पाडते, कंटेनर तिथे पट्ट्याने उभा बांधते आणि काच थोडी उघडी ठेवते, कारण नायट्रोजनची वाफ बंद गाडीत साठू द्यायची नसते.

एक राहिलंच. गाडी कंपनीच्या नावावर नोंदवली तर महाराष्ट्रात रोड टॅक्स २० टक्के लागतो. स्वतःच्या नावावर या किमतीच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के. व्यवसायासाठी वापरत असाल तर १५ टक्के घसारा स्वतःच्या नावावरच्या गाडीवरही दाखवता येतो. बुकिंगच्या आधी सीएशी बोला, नंतर नाव बदलायला पुन्हा आरटीओ आलंच.