तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्यांचा कोड वाचायला पीएचडी कशाला?

हा प्रश्न लग्नकार्यात येतो आणि जुने सहकारी भेटले की येतो. पाठोपाठ पुढचा ठरलेला: "गिटहबवरून डेटा उतरवायचा, स्क्रिप्ट चालवायची, आलेख काढायचा, एवढंच ना?" आजवर विषय बदलत आले. आता एकदा नीट सांगते.

2014 साली एक अभ्यास आला. गिटहबवरचे, म्हणजे प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात त्या साइटवरचे, 729 प्रकल्प, 17 प्रोग्रामिंग भाषा, सुमारे 15 लाख कमिट (कोडमधल्या बदलाची एकेक नोंद), आणि प्रश्न असा की भाषेचा आणि बगचा, म्हणजे कोडमधल्या चुकांचा, काही संबंध आहे का. आहे, पण थोडा, असं उत्तर निघालं. 'थोडा' हा शब्द गळून पडला आणि भाषांच्या भांडणात तो निकाल पुरावा म्हणून फिरू लागला. 2019 मध्ये दुसऱ्या गटाने तोच डेटा पुन्हा उघडला. त्यातली टाइपस्क्रिप्ट ही भाषा जगासमोर आली ऑक्टोबर 2012 मध्ये. डेटात मात्र तिच्या नावावर त्याच्या कितीतरी वर्षं आधीचे कमिट होते. भाषा ओळखली होती फाइलच्या एक्स्टेन्शनवरून, म्हणजे नावाच्या शेवटी असलेल्या डॉट टीएसवरून. आता क्यूटी हे अ‍ॅप बनवायचं साधन वापरणारे भाषांतराच्या फाइलींनाही हेच एक्स्टेन्शन देतात. त्या उघडल्या तर आत साधं एक्सएमएल: मूळ वाक्य, खाली त्याचं भाषांतर. कुणी बटणावरच्या मजकुराचं जर्मन भाषांतर सुधारलं की ते टाइपस्क्रिप्टमधलं काम म्हणून मोजलं जात होतं. टाइपस्क्रिप्टचे म्हणून धरलेल्या 41 प्रकल्पांपैकी खरोखर ती भाषा होती 16 मध्ये. त्यातल्याही सर्वांत मोठ्या तिघांत नुसती टाइपची डिक्लरेशन्स, म्हणजे कशाचा प्रकार काय एवढं सांगणाऱ्या ओळी; चालणारा कोड नाहीच.

फेरतपासणीत चारच भाषांचा संबंध टिकला, तोही अगदी पुसट. मूळ लेखकांनी उत्तर दिलं, त्यावर प्रत्युत्तर आलं. वाद मिटला असं मी म्हणणार नाही. ती माणसं निष्काळजी होती असं तर मुळीच म्हणणार नाही, कारण 15 लाख कमिट कुणी हाताने उघडत नाही. पण प्रत्येक भाषेच्या वीस-वीस फाइली उघडून पाहिल्या असत्या तर? मागाहून हे बोलणं सोपं आहे, कबूल. तरी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच करायला लावते.

मग बग मोजणं. कमिटच्या संदेशात 'फिक्स' सापडलं की बग दुरुस्त झाला, असं धरतात. 'प्रीफिक्स'मध्येही 'फिक्स' आहे, आणि कॉमेंटमधलं स्पेलिंग सुधारणाराही 'फिक्स'च लिहितो. इश्यू ट्रॅकरवर, म्हणजे प्रकल्पाच्या तक्रारवहीवर, विसंबावं तर 2013 मध्ये पाच जावा प्रकल्पांतले सात हजारांवर इश्यू हाताने वाचले गेले आणि 'बग' म्हणून नोंदवलेल्यांपैकी 33.8 टक्के बग नव्हतेच. म्हणून नमुना काढायचा. 95 टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्के चूक मान्य केली तर साधारण 384 कमिट लागतात. दोघांनी एकमेकांचं न बघता 'बग आहे' किंवा 'नाही' अशी लेबलं लावायची, दोघांचं किती जुळलं हे सांगणारा 'कप्पा' नावाचा आकडा काढायचा, जिथे पटलं नाही तिथे बसून बोलायचं. एका कमिटला पाच मिनिटं धरली तरी माणशी 32 तास. यातलं काहीच आलेखात दिसत नाही.

नकला वेगळ्याच. 2017 च्या एका मोजणीत गिटहबवरच्या 42.8 कोटी फाइलींत वेगवेगळ्या निघाल्या जेमतेम 8.5 कोटी, जावास्क्रिप्टमध्ये तर सहाच टक्के, कारण लोक नोड मॉड्यूल्सचं, म्हणजे दुसऱ्यांच्या तयार लायब्रऱ्यांचं, अख्खं फोल्डर कमिट करतात. फाइलींचे हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारे ठसे, न काढता मोजलं तर तीच लायब्ररी हजारदा मोजली जाते.

हे सगळं म्हणजे पूर्वतयारी, खरं संशोधन नंतर सुरू होतं, असं पहिल्या वर्षी मीही ठासून म्हणत असे. आज तसं म्हणवत नाही. पण साफसफाई हेच संशोधन, असंही छातीठोक सांगता येत नाही, कारण साफ करूनही अडतं.

बग कुठल्या कमिटमुळे शिरला हे शोधायला एसझेडझेड वापरतात. 2005 मध्ये श्लिवेर्स्की, झिमरमन आणि त्सेलर यांनी ती पद्धत मांडली. दुरुस्तीच्या कमिटने ज्या ओळी काढल्या किंवा बदलल्या, त्या घ्यायच्या आणि आदल्या आवृत्तीवर गिट ब्लेम ही प्रत्येक ओळीचा कमिट दाखवणारी आज्ञा चालवून त्या कुणी आणल्या ते पाहायचं. निव्वळ स्पेस बदललेल्या ओळी आणि कॉमेंट गाळायच्या. फाइलचं नाव बदललं असेल तर माग तुटत नाही ना, हे तपासायचं.

आणि मग अशी दुरुस्ती समोर येते, जिच्यात एकही ओळ काढलेली नाही. फंक्शनच्या सुरुवातीला 'नल असेल (म्हणजे हाती काहीच आलं नसेल) तर परत जा' एवढी एकच ओळ घातलेली. ब्लेम कशावर चालवायचं? अशा दुरुस्त्या गाळल्या तर विसरलेल्या तपासण्यांचे बग अभ्यासातूनच जातात. वरखालच्या ओळींना दोषी धरलं तर ज्याने काही बिघडवलं नाही त्याच्या नावावर बग चढतो. मी दोन्ही करून पाहिलंय. आकडे जुळत नाहीत, आणि कुठला छापावा हे माझं अजून ठरलेलं नाही.