तांब्याची कांडी आणि तक्त्यातला आकडा

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला 'पदार्थांचे भौतिक गुणधर्म' हा विषय मी गेली काही वर्षे शिकवते आहे. दर वर्षी पहिल्या तासाला मी विद्यार्थ्यांच्या हातात तांब्याची एक हातभर लांब, पेन्सिलीएवढ्या जाडीची कांडी देते. ती आधी लालबुंद होईपर्यंत तापवून थंड केलेली असते. वाकवायला सांगितले की ती कोणालाही, फारसा जोर न लावता, वाकवता येते. मग तीच कांडी पुन्हा सरळ करायला सांगितली की वर्गातले सगळ्यात दणकट मनगटही अडते. वाकलेली जागा तशीच राहते आणि तिच्या शेजारी नवा बाक येतो. शेवटी इंग्रजी 'एस' अक्षरासारखी झालेली कांडी टेबलावर ठेवून मी एकच प्रश्न विचारते: या दोन मिनिटांत तांब्याचे नेमके काय बदलले?

घनता बदललेली नाही आणि रासायनिक घटकही तेच आहेत. यंगचा गुणांक, म्हणजे पदार्थ किती ताठ आहे त्याचे माप, पूर्वीसारखाच सुमारे १२० गिगापास्कल आहे. विद्युत रोधकता वाढली आहे, पण ती फार तर दोन-तीन टक्क्यांनी. तांबे कायमचे वाकण्यासाठी लागणारे प्रतिबल, म्हणजे एकक क्षेत्रफळावरचे बल, मात्र पुष्कळच बदलते: तापवून मऊ केलेल्या तांब्यात ते ७० मेगापास्कलच्या आत असते, तर ओढून-ठोकून कठीण केलेल्या तांब्यात ३०० च्याही वर जाते. पुस्तकाच्या मागच्या तक्त्यात तांब्यापुढे हे सगळे आकडे एकाच ओळीत, जणू एकाच जातीचे असल्यासारखे छापलेले असतात, आणि या विषयातली सगळ्यात मोठी गैरसमजूत तिथूनच सुरू होते असे मला वाटते. त्यातले काही आकडे अणूंचे आणि त्यांच्यामधल्या बंधांचे असतात. काही मात्र त्या विशिष्ट तुकड्याचे, त्याच्यावर आजवर काय काय घडले त्याचे असतात. कोणता आकडा कोणत्या जातीचा हे ओळखता आले की अर्धा अभ्यासक्रम हाती लागतो.

पहिल्या जातीच्या गुणधर्मांसाठी मी एक आलेख जवळजवळ आठवडाभर फळ्यावर ठेवते. दोन अणूंमधले अंतर बदलत गेले की त्यांची स्थितिज ऊर्जा कशी बदलते, एवढेच त्यात असते; मध्ये एक खळगा, डावीकडे उभा चढ, उजवीकडे मंद चढ. खळगा जितका खोल तितका बंध तोडायला अवघड, म्हणून वितळणबिंदू वर. खळग्याच्या तळाचा बाक जितका तीव्र तितका पदार्थ ताठ, म्हणून यंगचा गुणांक मोठा. आणि दोन्ही बाजूंचे चढ सारखे नसल्यामुळे, अणू जोराने कंप पावू लागले की त्यांच्यामधले सरासरी अंतर वाढते. औष्णिक प्रसरण म्हणतात ते हेच. चढ दोन्हीकडे सारखे असते तर तापवूनही पदार्थ प्रसरण पावला नसता, हे कळल्यावर दर वर्षी दोन-तीन चेहरे तरी उजळतात आणि मलाही तेवढाच आनंद होतो. मग टंगस्टन आणि अ‍ॅल्युमिनियम शेजारी-शेजारी मांडून पाहायचे. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळते, त्याचा गुणांक सुमारे ४०० गिगापास्कल, आणि एक मीटर लांबी एका अंशाला जेमतेम साडेचार मायक्रोमीटर वाढते. अ‍ॅल्युमिनियमचे आकडे त्याच क्रमाने ६६० अंश, ७० गिगापास्कल आणि २३ मायक्रोमीटर. तीन वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले सहा आकडे एकाच आलेखातून वाचता येतात.

या चौकटीत न बसणारे उदाहरणही लगेच द्यावे लागते, नाहीतर विद्यार्थी चौकटीवर जास्त विश्वास ठेवू लागतात. लोखंडात सुमारे ३६ टक्के निकेल मिसळून होणारे इन्व्हार हे मिश्रधातू खोलीच्या तापमानाजवळ जवळजवळ प्रसरणच पावत नाही. मीटरला अंशामागे साधारण एक मायक्रोमीटर, म्हणजे साध्या लोखंडाच्या दहाव्या हिश्श्याएवढे. शार्ल गिलोम यांना ते १८९६ मध्ये सापडले आणि १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. तापमान वाढले की इन्व्हारमधले चुंबकत्व क्षीण होते आणि त्याबरोबर येणारे आकुंचन नेहमीच्या प्रसरणाला खाऊन टाकते. प्रसरणाचे कोडे चुंबकत्वाच्या प्रकरणात सुटते, आणि आमच्या अभ्यासक्रमात ही दोन प्रकरणे तीन महिन्यांच्या अंतराने येतात.

दुसऱ्या जातीचा इतिहास मी जरा सावकाश सांगते. १९२६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फ्रेंकेल यांनी हिशोब केला की निर्दोष स्फटिकात अणूंचा एक अख्खा थर दुसऱ्यावरून एकाच वेळी सरकवायचा तर किती प्रतिबल लागेल. उत्तर प्रत्यक्ष मऊ धातूंच्या हजारपटीहून मोठे आले. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तीन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे सुचवले की थर एकदम सरकतच नाही. स्फटिकातला एक रेषेसारखा दोष, म्हणजे डिसलोकेशन, पुढे-पुढे जातो. सतरंजीला सुरकुती पाडून ती ढकलत नेण्याचा दाखला इथे हमखास दिला जातो. मीही देते, पण तो अपुरा आहे, कारण कांडी सरळ का होत नाही हे त्यातून कळत नाही. वाकवताना डिसलोकेशनची संख्या प्रचंड वाढते, ती एकमेकींत अडकतात, आणि ज्या दोषामुळे तांबे मऊ होते त्याच दोषाच्या गर्दीमुळे ते कठीण होते. धातूच्या पातळ पापुद्र्यात ती हलताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली १९५६ मध्ये. मधली बावीस वर्षे ही कल्पना बहुतांशी तर्काच्या आणि अप्रत्यक्ष पुराव्याच्या बळावर टिकली होती.

वेगवेगळी प्रकरणे प्रयोगशाळेतही अशीच एकमेकांत मिसळतात. एकदा एक विद्यार्थिनी जर्मेनियम या अर्धवाहकाच्या तुकड्याचा रोध मोजत होती. वाचने सारखी बदलत होती आणि उपकरण बिघडले आहे असे तिने वहीत लिहूनही टाकले होते. टेबलावरचा दिवा तुकड्यावर पडत होता. जर्मेनियमचा बँड गॅप, म्हणजे बंधातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ०.६७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि दृश्य प्रकाशाच्या एकेका फोटॉनची ऊर्जा त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणजे दिवा तुकड्यात वीज वाहून नेणारे नवे वाहक निर्माण करत होता आणि रोध उतरत होता. पण दिव्याने तुकडा तापतोही, आणि तापला तरी रोध उतरतोच. मग कारण उजेड की उष्णता? तिने स्वतःच दिवा चालू-बंद करून पाहिला. आकडा आधी क्षणात खाली आला, मग मिनिटभर हळूहळू उतरत राहिला. पहिली उडी उजेडाची, नंतरची उतरण उष्णतेची. ते वहीतले वाक्य तिने खोडले नाही, त्याच्याखाली तारीख घालून नवे निरीक्षण लिहिले. ते पान मला फार आवडले.

यांत्रिक, औष्णिक, विद्युत, चुंबकीय, प्रकाशीय असे अभ्यासक्रमाचे पाच घटक आणि प्रत्येकावर एक प्रश्न, या मांडणीत अशा पानाला जागा नसते. अभ्यासक्रम बदलणे माझ्या हातात नाही, पण अंतर्गत परीक्षेतला एक प्रश्न मी बदलला आहे. तांब्याच्या एकाच कांडीच्या दोन अवस्था देते, मऊ आणि वाकवून कठीण केलेली, आणि आठ गुणधर्मांची यादी. प्रत्येकापुढे लिहायचे: बदलला की नाही, साधारण किती, आणि का. हा प्रश्न सोडवताना पुस्तक उघडायला मुभा असते. आणि परीक्षा झाली की त्याच कांड्या पुन्हा ज्योतीवर धरून मऊ करून पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवते.