आठवडा सातवा : जीरावन, गेर आणि मधली उडी

या आठवड्यात जीमॅटच्या (एमबीए प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या) तयारीचे ३० प्रश्न सोडवले, सगळे ‘युक्तिवाद कमकुवत करा’ प्रकारातले : एक युक्तिवाद दिलेला असतो, त्याला सर्वांत जास्त धक्का देणारा पर्याय निवडायचा. २३ बरोबर आले. मागच्या आठवड्यात १९ होते. वेळ मात्र प्रश्नामागे अडीच मिनिटांच्या खाली येत नाही. परीक्षेच्या व्हर्बल, म्हणजे भाषेच्या विभागात ४५ मिनिटांत २३ प्रश्न, म्हणजे पुरती दोन मिनिटंही मिळत नाहीत.

चुकलेले सातही वहीत उतरवले. पाचांत एकच खोट निघाली : पर्याय वाचून मी ‘असं खरंच असेल का?’ याच विचारात अडकले. पर्याय खरा धरायचा, दिलेली माहितीही खरी धरायची, आणि तिच्यावरून निष्कर्षावर मारलेली उडी आता झेपते का, एवढंच बघायचं. निष्कर्ष पार खोटा पडायलाच हवा असं नाही, त्याच्यावरचा भरवसा कमी झाला की काम झालं.

मग स्वतः एक प्रश्न रचला. इंदूरच्या राजवाड्याजवळच्या एका पोहेवाल्यानं १ मार्चपासून पोह्यांवर नवीन जीरावन (वरून भुरभुरायचा मसाला) घातलं. मार्चची विक्री फेब्रुवारीपेक्षा बरीच वाढली. म्हणजे ती जीरावनामुळेच वाढली.

जेवताना बाबांना वाचून दाखवला. पर्याय सांगायच्या आत ते म्हणाले, “अगं, मार्चमध्ये रंगपंचमीची गेर नसते का? राजवाड्यावर पाय ठेवायला जागा नसते!” गेर म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक. विक्री वाढण्याचं दुसरं कारण, एका दमात! मला इतका आनंद झाला. तेवढ्यात आई पोळी वाढत म्हणाली, “त्या दिवशी तिथली दुकानं ताडपत्रीनं झाकलेली असतात. पोहे कोण विकतंय?”

रात्री प्रश्नात एकच शब्द बदलला : ‘फेब्रुवारीपेक्षा’च्या जागी ‘गेल्या मार्चपेक्षा’. रंगपंचमी २०२४ मध्ये ३० मार्चला होती, २०२५ मध्ये १९ मार्चला. गेर दोन्ही मार्चमध्ये, म्हणजे बाबांचं कारण गळून पडलं. तुलना कशाशी आहे, हे मी आजवर नीट वाचतच नव्हते. चुकलेल्यांपैकी उरलेले दोन प्रश्न त्याचेच निघाले.

दोन्ही रूपांत टिकलेला पर्याय : ‘जुनंच जीरावन वापरणाऱ्या शेजारच्या दुकानांची विक्रीही तेवढीच वाढली.’ आणि भुलवणारा : ‘काही गिऱ्हाइकांना जुनं जीरावन जास्त आवडायचं.’ ‘काही’ म्हणजे फक्त दोघंजणही असू शकतात, तेवढ्यानं काही बिघडत नाही.

पुढच्या आठवड्यात कारण-परिणाम उलटे असणारे प्रश्न घेतेय. कुणी असे रचले असतील तर नक्की द्या, आईबाबांसमोर ठेवते.