तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात आत्मविश्वास आणलात कुठून?

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी लेखा विभागातले काम सोडून त्याच संस्थेच्या माहिती-विश्लेषण विभागात गेले आणि बावन्नाव्या वर्षी त्या विभागाची प्रमुख झाले. तेव्हापासून "या वयात एवढा आत्मविश्वास आणलात कुठून?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्यांत पन्नाशीला टेकलेले लोक अधिक असतात, पण मागच्या महिन्यात अठ्ठावीस वर्षांच्या एका मुलीने "क्षेत्र बदलायचं माझं वय निघून गेलं ना?" असे अगदी पडलेल्या आवाजात विचारले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे मनाने घेतले.

मी आत्मविश्वास कुठूनही आणला नाही. विभाग बदलण्याचा अर्ज केला त्या दिवशी तो माझ्याकडे नव्हता, आणि रुजू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत तर होता नव्हता तोही ओसरला. आधी आत्मविश्वास गोळा करायचा आणि मग कामाला हात घालायचा, हा क्रमच मला चुकीचा वाटतो. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार 'हे मला जमेल' ही भावना चार वाटांनी येते: काम स्वतः पार पाडल्याच्या अनुभवातून, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहून, विश्वासातल्या माणसाने दिलेल्या धीरातून, आणि छातीतल्या धडधडीसारख्या शारीरिक खुणांचा आपण जो अर्थ लावतो त्यातून. यांतली पहिली वाट सर्वांत भक्कम, असे त्यांचे म्हणणे होते. हे मी पुष्कळ उशिरा वाचले, आणि वाचताना मला एक माऊस आठवला.

नव्या विभागात मला शिकवायला दिलेला सहकारी माझ्या निम्म्या वयाचा आणि अतिशय सज्जन होता. मी काहीही विचारले की तो माऊस आपल्याकडे ओढून घेई, चार क्लिक करी आणि "झालं बघा, मॅडम" म्हणे. मी मान डोलावत असे, आणि तो उठून गेल्यावर तेच काम मला अजिबात येत नसे. असे तीन आठवडे गेले. एके दिवशी त्याचा हात पुढे येताच मी माऊसवर माझा तळवा ठेवला आणि म्हटले, "तू नुसतं तोंडाने सांग, हात माझाच चालू दे." त्याला दहा सेकंद लागणारे पिव्होट टेबल, म्हणजे ढीगभर नोंदींची गटवार बेरीज मांडणारा तक्ता, बनवायला मला त्या दिवशी चाळीस मिनिटे लागली. मी दोनदा चुकीचा कॉलम ओढला; शेवटी तक्ता तयार झाला, तर रकमांची बेरीज दिसण्याऐवजी नोंदींची नुसती संख्या दिसू लागली, कारण रकमेच्या कॉलममध्ये काही आकडे मजकूर म्हणून शिरले होते. ते तसे का शिरले असावेत, हे त्याला सांगता येईना. मला मात्र लगेच उमगले, कारण वीस वर्षे मी त्याच नोंदी करत आले होते आणि कोणत्या घाईत, कोणत्या रकान्यात लोक काय लिहितात हे मला पाठ होते. त्या चाळीस मिनिटांत मला जे मिळाले ते कोणाच्याही कौतुकाने मिळाले नसते.

वय वाढले की सगळेच मंदावते, असे आपण सरसकट धरून चालतो. हार्टशॉर्न आणि जर्मिन या संशोधकांनी २०१५ साली हजारो लोकांच्या चाचण्यांवरून दाखवले की निरनिराळ्या बौद्धिक क्षमता निरनिराळ्या वयांत शिखर गाठतात. माहिती हाताळण्याचा निव्वळ वेग विशीच्या आतबाहेर सर्वाधिक असतो, तर शब्दसंपदा पन्नाशीनंतरही वाढत राहते. वेगात मी त्या मुलाच्या पुढे कधीच जाणार नव्हते, आणि तसा प्रयत्न सोडून दिल्यावरच माझे शिकणे सुरळीत झाले.

बढतीची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि इथे माझ्याकडून अनेक वर्षे चूक झाली. आपले काम आपोआप दिसेल, अशा समजुतीत मी राहिले. काम दिसत नाही. वरिष्ठांना दिसते ते काम अडल्यावर. म्हणून मी एका पानावर वर्षभरातली पाच कामे लिहिली: अडचण काय होती, मी काय केले, त्यामुळे काय बदलले. मासिक अहवालाला नऊ दिवस लागत होते ते चारवर आले, हे त्यातले एक. ते पान घेऊन मी वरिष्ठांकडे गेले आणि विभागप्रमुखाच्या जागेसाठी माझा विचार व्हावा, असे स्पष्ट सांगितले. त्यांनी नकार दिला. मी कारण विचारले, तेव्हा माणसे सांभाळल्याचा अनुभव नाही, एवढे एकच कारण निघाले. मी त्याच बैठकीत दोन नवशिक्यांना माझ्या हाताखाली मागून घेतले. पुढच्या वर्षी तेच पान नव्या नोंदींसह घेऊन पुन्हा गेले. नकाराचे नेमके कारण हाती आले नसते, तर मी कदाचित वय हेच कारण समजून गप्प बसले असते. माझ्या ओळखीच्या कितीतरी कर्तबगार बायका आणि पुरुष असेच गप्प बसले आहेत, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

त्या मुलीने जाता जाता आणखी एक विचारले: "आता तुम्हाला भीती वाटत नाही ना?" वाटते. मोठ्या बैठकीत बोलायला उभी राहिले की आजही माझ्या तोंडाला कोरड पडते. पूर्वी मी त्याचा अर्थ 'माझी तयारी झालेली नाही' असा लावत असे. आता पाण्याचा एक घोट घेते, कागदावर लिहून आणलेले पहिले वाक्य जसेच्या तसे वाचते, आणि दुसऱ्या वाक्यापासून कागद बाजूला ठेवते.